कवीची मुलगी

२० मे. भिजवलेली ज्वारी काल निथळत ठेवली होती, आज गिरणीतून भरडून आणली, आणि आता ती चाळायची आहे. कणी वेगळी, पीठ वेगळं. उद्या पहाटे बिबड्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड. सून म्हणते, "मम्मी, इतवारा बाजारात सगळं रेडीमेड मिलता है, कशाला हाथ दुखवून घेता?" मिळतं, मला माहीत आहे. मी आणून, तळून, खाऊन पाहिलं आहे. त्यात ज्वारी किती आणि तांदळाचं पीठ किती, हे छातीठोक सांगणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. मी इतकी वर्षं रक्ताच्या तपासणीची लॅब चालवली. माणूस समोर बसून म्हणायचा, मला काही झालेलं नाही, आणि काच मायक्रोस्कोपखाली धरली की दुसरंच दिसायचं. त्यामुळे कुणी सांगितलं म्हणून मान्य करायचं, ही सवय मला नाही. लोकांना वाटतं ती लॅबने लावली. नाही. ती त्याआधीची आहे. ती लागली त्या दिवशीसुद्धा आमच्या गच्चीवर बिबड्याच चालल्या होत्या, आणि सगळा घोळ झाला होता एका कवीमुळे, ज्याच्या देशात ज्वारी पिकतच नाही.

आमचं घर राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. खाली दोन खोल्या, वर गच्ची. मागच्या मोहल्ल्यात पॉवरलूम होते. त्यांचा खटखटाट आम्हाला घड्याळासारखा होता. चालू असला की ऐकू यायचा नाही, वीज गेली आणि बंद पडला की सगळे दचकायचे. आई तर वीज गेल्यावरही तितक्याच मोठ्याने बोलत राहायची आणि मग साऱ्या गल्लीला कळायचं की आमच्याकडे आज तेल संपलंय. आई रावेरकडची. बोलणं रोखठोक, हात सढळ, आणि परक्या माणसावर विश्वास अजिबात नाही. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून पाहायची. आमच्याकडे सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, कधी वांग्याचं भरीत. शेवभाजी झाली म्हणजे कुणीतरी येणार आहे असं आम्ही समजायचो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कागद कारखान्यात मशीन विभागात फिटर होते. रोज सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळी परत. त्यांच्या शर्टाला बांबूच्या शिजलेल्या लगद्याचा वास यायचा, तो आईने कितीही आपटला तरी जायचा नाही. पण अण्णांचा जीव मशीनमध्ये नव्हता, मराठीत होता. जळगाव राज्याच्या सीमेपलीकडे, आम्ही अलीकडे. सरकार हिंदी, बाजार हिंदी, आम्ही पोरं आपसात अर्धी हिंदी. अण्णांना हे लागायचं. ते गावातल्या मराठी मंडळाचे चिटणीस होते आणि स्वतःही कविता करायचे, पण त्या कुणाला दाखवत नसत. 'तरीपण' हा त्यांचा शब्द. साखर संपली आहे, तरीपण चहा ठेवा. पॅसेंजर चुकली, तरीपण पोचलो. आई त्यांची नक्कल करायची, "पगार झाला नाही, तरीपण जेवा!"

कारखान्यात एका जुन्या मशीनचे नवे भाग बसवायचे होते. ते चेकोस्लोव्हाकियातून आले आणि बसवायला तिकडचेच दोघे आले. तेव्हा तो एकच देश होता. त्यातल्या पावेल साहेबांच्या हाताखाली अण्णांना दिलं. उंच, टकलू, उन्हाने कोळंबीसारखा लाल झालेला माणूस. मेसचं तिखट त्याला सोसत नव्हतं, म्हणून अण्णा एका रविवारी त्याला घरी घेऊन आले आणि आईने धुण्याची मोगरी बाजूला ठेवून, कपाळाला आठ्या घालून, बिनतिखटाचं वरण केलं. त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. आईने त्याचा कप वेगळा ठेवला होता, खिडकीत. तो कप त्याला एवढा आवडला की तो आल्या आल्या स्वतःच उचलून आणायचा.

जेवण झालं की पावेल खिशातून एक लहानसं पुस्तक काढायचा. त्याच्या देशातल्या एका जुन्या कवीचं. कारखान्यात तो ते काढत नसे. "उधर दूसरा साहेब," तो म्हणायचा आणि कानाला हात लावायचा. दुसरा साहेब सगळं ऐकतो आणि घरी कळवतो, असा त्याचा अर्थ होता. आमच्याकडे मात्र तो मोकळेपणाने, डोळे मिटून, टाळूला जीभ आपटत वाचायचा, आणि मग तो आणि अण्णा मिळून त्याचं मराठी करायचे. आता हे कसं व्हायचं ते सांगायलाच हवं. पावेलला हिंदी यायची ती कारखान्यात शिकलेली. कसो, ढीला करो, तेल डालो, लीक है, गरम है, बंद करो, सावधान. एवढ्या भांडवलावर तो कविता समजावून सांगायचा. छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इधर मोटर. रात को भी चालू. बंद नहीं होता." अण्णा मान डोलवायचे, थोडा वेळ गच्चीकडे पाहायचे आणि लिहायचे: 'माझ्या छातीतला माग रात्रीही थांबत नाही.' पावेल म्हणायचा, "पाइप दबाया. पानी दूसरा जगह से निकला." अण्णा लिहायचे: 'तुम्ही आमच्या ओठांवर हात ठेवलात, गाणं डोळ्यांतून आलं.'

मी शेजारी बसून पाटीभर मेथी निवडायचे आणि विचार करायचे, हे त्या पाइपातून निघालं कसं?

कवीची हकिगत अण्णांना तोंडपाठ झाली होती. कवी विणकराच्या घरचा. त्या डोंगराळ गावात कचेरी जर्मन, कोर्ट जर्मन, शाळा जर्मन; चेक भाषा फक्त स्वयंपाकिणींची, गाडीवानांची आणि मागावर बसणाऱ्यांची. त्या भाषेत लिहिणं म्हणजे चूल फुंकण्याच्या फुंकणीने बासरी वाजवणं, असं शिकलेले लोक म्हणायचे. कवीने त्याच भाषेत लिहिलं. पोलिसांचा पहारा बसला, मास्तरकी गेली, पण त्याची गाणी धोब्याच्या घाटावर बायका म्हणायला लागल्या. अण्णा ही हकिगत मंडळात सांगायचे, पॅसेंजरमध्ये सांगायचे, न्हाव्याकडे सांगायचे. "बघ शालू," मला म्हणायचे, "मूठभर माणसं होती. तरीपण भाषा टिकवली. आपण तर ताप्तीच्या काठावर हजारोंनी आहोत." त्या कवीचं नाव अण्णा घेत नसत. 'आपला कवी' म्हणायचे, जणू तो आमच्या आत्याच्या घरी राहायला होता.

माझ्या मुलाने मागे मला फोनवर तो कवी शोधून द्यायचा प्रयत्न केला. पावेल उच्चारायचा तसं नाव मी त्याला सांगितलं. पाच-सहा जण निघाले, सगळे दाढीवाले, सगळे पोलिसांनी छळलेले. विणकराचा मुलगा कोण, ते काही जुळलं नाही. मी ते तिथेच सोडलं. माझा प्रश्न तो कधीच नव्हता.

माझा प्रश्न शाळेचा होता. आमची मुलींची मराठी शाळा दहावीपर्यंतच. पुढे सायन्स हवं तर हिंदी शाळेत जायचं. मला सायन्स हवं होतं. सरकारी दवाखान्यात एक बाई होत्या, पांढरा कोट घालून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून पाहायच्या. मलेरिया झाला तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं आणि तापातसुद्धा ठरवलं होतं की मला हेच करायचं. पण त्याच वर्षी मंडळाने ठरवलं की मुली जमल्या तर मराठी शाळेत अकरावी काढायची. फक्त आर्ट्स. महाजन सर, शाळेचे हेडमास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष, घरोघर फिरत होते. अण्णांनी भर सभेत शब्द दिला होता: "पहिलं नाव माझ्या शालूचं लिहा." मला न विचारता. मी विरोध केला की अण्णा कवी काढायचे. "तोसुद्धा जर्मन शाळेत जाऊन मोठा अधिकारी झाला असता. गेला का?" आपल्या बापाशी भांडता येतं, मेलेल्या कवीशी कसं भांडायचं?

म्हणून त्या कवीबद्दल जे जे बोललं जाई त्यावर मी लक्ष ठेवायला लागले. आणि मला एक गोष्ट दिसली. पावेल कवीच्या घरच्या गोष्टी सांगायला लागला की त्याच्या तोंडी 'बेटी' हा शब्द यायचा. "कवी का बेटी..." एवढं म्हटलं की अण्णा लगेच माझ्याकडे वळायचे. "शालू, साहेबांना पाणी आण." पाणी भरलेलं असायचं. "मग ताजं आण." मी माठापाशी जाऊन कान द्यायचे, तर इकडे नुसती कुजबुज. परत आले की विषय बदललेला, रोलर, बेअरिंग, पाऊस. एकदा झालं तर मी सोडून दिलं असतं. पण प्रत्येक वेळी झालं. एकदा पावेलने 'बेटी' म्हणताच स्वतःच तोंडावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून कसंनुसं हसला. तेव्हा माझी खात्री झाली की दोघांचं काहीतरी ठरलेलं आहे.

हे मी आईला सांगितलं आणि तिथेच चूक केली, कारण आईजवळ गोदूकाकू बसल्या होत्या. गोदूकाकू शेजारच्या. त्यांना कुठल्याही गोष्टीतून लग्न काढता यायचं.

"बेटी, बेटी करते?" काकूंनी डोळे बारीक केले. "मायबाई! मग हे शालूचंच चालून राह्यलं. तिकडं पोरी नसतील गोऱ्याइले. त्याचा कोणी भाचा-पुतन्या असंल."

"काहीबाही नको बोलू गोदू," आई म्हणाली. पण तिचा हात कणकेत थांबला होता.

"मी कुठी काय बोलली? फुकटमधी कोणी कोणाच्या घरी वरण-भात खायले येत नाही, एवढंच म्हनते मी. अन् भाऊजी पोरीले पान्याले कावून धाडतात, ते तुमी इच्यारा."

त्या दिवसापासून आईची पावेलकडे पाहण्याची नजर बदलली. तो हसला की ती मला आत बोलवायची. त्याने माझ्यासाठी रंगीत पेन्सिलींची पेटी आणली, ती तिने फडताळात सगळ्यात वर ठेवली, पुरावा ठेवतात तशी. मला लग्नाचं पटत नव्हतं. पण काय आहे हेही कळत नव्हतं, आणि न कळण्याचा मला राग होता.

दहावीचा निकाल लागला, मी चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्याकडे बिबड्या निघाल्या. आईचं त्या वर्षी आजारपण झाल्यामुळे उशीर झाला होता. मृग तोंडावर आलेला. पहाटे गच्चीवर विटांची चूल मांडून आईने मोठ्या पातेल्यात घाटा लावला. उकळत्या पाण्यात आधी कणी, मग पीठ, तीळ, वाटलेला लसूण, तिखट, मीठ. तो रटरटायला लागला की गरम वाफेचा लसणीचा वास खालच्या गल्लीत जायचा आणि पोरं जमा व्हायची. आमच्याकडे बिबड्या एकटीने कुणी घालत नाही. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. त्यामुळे गोदूकाकू पदर खोचून हजर. जुनं ओलं धोतर अंथरायचं, हात पाण्यात बुडवायचा, घाट्याचा गोळा त्यावर ठेवून चटचट थापायचा. हात भाजतो. भाजला म्हणून थांबलं की घाटा गार होतो आणि बिबडी फाटते. अण्णा सकाळीच महाजन सरांकडे गेले होते. नावांचं बघायला, असं म्हणाले. कुणाच्या नावांचं ते सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला. पावेल नेहमी दुपारी यायचा, त्या दिवशी सकाळीच आला, ताप्तीच्या वाळूतलं भलंमोठं टरबूज खांद्यावर घेऊन. खाली कुणी नाही पाहून सरळ वर आला. आईला दार लावून घ्यायला वेळच मिळाला नाही.

"भाभी, मैं भी," असं म्हणून त्याने बूट काढले, बादलीत हात धुतले आणि मांडी घालायचा प्रयत्न केला. त्याच्या गुडघ्यांना ते जमेना. मग तो उकिडवा बसला आणि त्याने घाट्याचा गोळा घेतला. मोठमोठ्याने हाशहुश करत त्याने जे थापलं ते बाजरीच्या भाकरीएवढं जाड होतं.

"ही आखाजीपावेतो वाळनार नाही," गोदूकाकू म्हणाल्या. "म्हंजे पुढच्या वर्साच्या." मग आईला कोपर मारून, "आता इच्यारा ना. भाऊजी नाही तवरिक इच्यारा."

आईने उलथणं पातेल्यावर आडवं ठेवलं. "शालू, तुले हिंदी नीट येते. इच्यार त्याले. बेटी बेटी काय लावलं हाये? कोनाची बेटी?"

मी विचारलं. हात घाट्यात, मान खाली, पण नीट विचारलं. "साहेब, आप बेटी बोलते हैं और अण्णा मुझे पानी लाने भेजते हैं. क्यों?"

पावेलने जिन्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अन्ना बोला, बेटी के सामने बेटी का बात नहीं. मैं समझा इंडिया का कायदा."

"ऐसा कोई कायदा नहीं है."

"नहीं?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. एवढे महिने तो बिचारा सगळ्या गावात पोरींसमोर पोरींचा विषय टाळत हिंडत होता. "फिर ठीक. कवी का एक बेटी. कवी सबको बोला, चेक बोलो, चेक स्कूल बनाओ. गांव में घूमा, सब घर में बोला. अपना बेटी को," त्याने घाट्याने भरलेला हात पुढे करून जणू एका लहान मुलीचा हात धरला, "जर्मन स्कूल ले गया. खुद. हाथ पकड़ के."

गच्चीवर फक्त घाटा फुटफुटत होता.

"क्यों?" मी विचारलं.

"जर्मन स्कूल, बाद में काम मिलता. चेक स्कूल, काम नहीं. कवी को मालूम."

"और अण्णा को मालूम?"

"अन्ना को पहला दिन बोला," पावेल म्हणाला आणि आपल्या जाड बिबडीच्या कडा उगाचच चेपू लागला.

"म्हंजे लगनाचं नाहीच?" गोदूकाकूंचा चेहरा पडला.

आईला मात्र सगळं कळलं होतं. ती शाळेत चौथीपर्यंतच गेली होती, पण हिशेब तिला लगेच जमायचे. "माय वं!" ती म्हणाली. "लोकाच्या पोरी इकडं, अन् सोताची पोरगी तिकडं! याच्यापायी माह्या पोरीचं नाव लिहायले गेले?" आणि ती इतकी हसली की तिला डोळे पुसायला कोपर वापरावं लागलं. मला हसू आलं नाही. माझे कान तापले होते. इतके दिवस ज्या माणसाला माझ्यासमोर उभं केलं होतं, त्याचा अर्धाच भाग मला दाखवला होता, आणि उरलेला अर्धा झाकायला मला माठाकडे पिटाळलं होतं.

अण्णा वर आले ते आनंदात. "सहा नावं झाली," जिन्यातूनच म्हणाले. मग त्यांना पावेल दिसला, आईचा चेहरा दिसला, माझा दिसला.

"अहो," आई म्हणाली, "तुमच्या कवीची पोरगी कोन्त्या शाळेत गेली हो?"

अण्णांनी पावेलकडे पाहिलं. पावेलने बिबडीकडे पाहिलं. मागचे माग खटखटत होते. अण्णांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. मला वाटलं आता ओरडतील. ते कठड्यावर बसले.

"गेली जर्मन शाळेत," ते म्हणाले. "तरीपण पुढचं याने तुला सांगितलं नाही, शालू. कवी गेला, तेव्हा पेटीत कागद निघाले. ती मोठी झाली होती, शिकलेली, चांगल्या घरात दिलेली. तिला त्यातली एक ओळ वाचता येईना. शेजारणीला विचारत होती, बाई, माझ्या बापाने यात काय लिहिलंय? समजलं? म्हणून मी..." ते थांबले. "म्हणून."

गोदूकाकूंनी पदर डोळ्याला लावला. आईनेही हसणं थांबवलं. पण मी तोवर इतक्या वेळा पाणी आणायला गेले होते की मी पावेलकडे वळले.

"साहेब, ये सच है?"

पावेलने हाताला चिकटलेला घाटा खरवडून काढला. मग म्हणाला, "किताब में नहीं है." अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो सकता है."

आजही मला माहीत नाही. लॅबमध्ये 'हो सकता है' लिहून कुणाला रिपोर्ट देता येत नाही, आणि मी तो नमुना आजवर तसाच ठेवला आहे, ना खरा म्हणून, ना खोटा म्हणून. त्या वेळी मी फक्त एवढंच म्हणाले, "अण्णा, मला सायन्स घ्यायचंय. हिंदी शाळेत. मंडळाला दुसरं नाव द्या." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, कारण नेमकी त्याच क्षणी वीज गेली आणि माग थांबले. सगळ्या गल्लीने ऐकलं.

अण्णा हात धुऊन खाली बसले आणि बिबड्या थापायला लागले. त्यांच्या चांगल्या होत. पातळ, गोल, कडेला न फाटणाऱ्या. त्यांना त्या येतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. दुपारी टरबूज कापलं, सगळ्यांनी खाल्लं, पावेलने त्याचा कप स्वतः धुऊन खिडकीत ठेवला आणि निघाला. जाताना मला म्हणाला, "बेटी, सावधान." कारखान्यात शिकलेला शब्द. शुभेच्छा द्यायला त्याच्याकडे दुसरा नव्हता. त्या रविवारी पुस्तक त्याने खिशातून काढलंच नाही. संध्याकाळी आई भाकरी थापता थापता भिंतीकडे बघून म्हणाली, "उद्या मी जाते पोरीसंगं हिंदी शाळेत. कोनाले यायचं ते येवो." अण्णा त्याच भिंतीला टेकून बसले होते. आईने वाढलं, ते जेवले, ताटात हात धुतला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत मी गच्चीवर गेले. बिबड्या रात्रभर वाऱ्यावर होत्या. आता धोतर उलटं करायचं, मागून पाणी शिंपडायचं, थोडं थांबायचं आणि एकेक बिबडी कडेने सोडवायची. घाई केली की कापडाला चिकटलेला अर्धा भाग मागेच राहतो. मी सोडवत होते, तेवढ्यात अण्णा वर आले. पॅसेंजरची वेळ झालेली, हातात डबा, अंगात लगद्याच्या वासाचा शर्ट. त्यांनी खिशातून कागद काढला. पावेलच्या कवीची धोट्याची कविता, त्यांनी पूर्ण केलेली. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा बोलतोय अशी ती होती.

"संध्याकाळी मंडळात वाचायची आहे," ते म्हणाले. "एकदा नजर टाक. काही चुकलं असेल तर सांग."

याआधी त्यांनी मला कधी कविता दाखवली नव्हती. मी हात फ्रॉकला पुसले आणि कागद घेतला.

*कापड तुमचं, गठ्ठे बांधून न्या.*
*सूत तुमचं, रंग तुमचा, बाजारही तुमचा.*
*इकडून तिकडे जातो मी, तिकडून इकडे येतो,*
*माझ्या पोटात धागा माझ्याच घरचा.*
*मला दुसऱ्या मागावर चढवाल, चढवा.*
*तरीपण तिथेही मी हाच आवाज करीन.*

मी दोनदा वाचली. अण्णा माझ्याकडे पाहत नव्हते, राजघाटाकडे पाहत होते.

"शेवटच्या दोन ओळी त्या कवीच्या नाहीत," मी म्हणाले.

"कशावरून?"

"'तरीपण' तुमचा शब्द आहे. आणि दुसऱ्या मागावर चढवायचं साहेब कधीच बोलले नाहीत. मी इथेच मेथी निवडत असायचे."

अण्णांनी कागद परत घेतला. घडी घातली, खिशात ठेवला, वरून हात फिरवला. "तुला कसं कळलं गं एवढं?"

"मला वाचता येतं," मी म्हणाले.

ते थोडा वेळ उभे राहिले. मग डबा या हातातून त्या हातात घेतला आणि जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यातून म्हणाले, "महाजन सरांना मी सांगतो." आणि गेले. पॅसेंजर गाठायची होती.

मी उरलेल्या बिबड्या सोडवल्या. पावेलची मधे ओलीच होती, ती उन्हात वेगळी ठेवली. बाकीच्या सुपात पसरल्या, धोतर पिळून वाळत घातलं, हातपाय धुऊन वेणी घातली, आईला हाक मारली आणि आम्ही दोघी हिंदी शाळेत गेलो.